भूक, राग, पेरणी ही नामं कशी? आणि ‘खाली’ का नाही?

*पत्र:* माझी मुलगी पाचवीत, सेमी-इंग्रजी माध्यमात आहे. ‘व्यक्ती, वस्तू, ठिकाण किंवा त्यांच्या गुणधर्माच्या नावाला नाम म्हणतात’ ही व्याख्या तिला तोंडपाठ आहे. तरी चाचणीत उताऱ्यातली नामं शोधायला सांगितली तेव्हा तिने भूक, राग आणि पेरणी सोडून दिली आणि लाल, खाली, तिखट लिहून आली. ‘राग कुठे दिसतो? मग ते नाव कसं?’ असं तिचं म्हणणं. त्यात ‘सकाळी’ या शब्दाला शाळेतल्या बाई क्रियाविशेषण म्हणतात आणि शिकवणीचे सर नाम म्हणतात. माझं व्याकरण कधीच विसरून गेलं. आधी मलाच नीट सांगा, म्हणजे तिला सांगता येईल. (एक आई, बार्शी)

ताई,

तुमच्या लेकीची गफलत तिच्या उत्तरांतच दिसते. ती शब्द वाचते आणि ते ‘काहीतरी’ डोळ्यांसमोर येतं का ते बघते. लाल डोळ्यांसमोर येतो, तिखट जिभेवर येतं, खाली बोट दाखवता येतं. राग आणि भूक काही दिसत नाहीत, म्हणून त्या गळतात. व्याख्येतल्या ‘व्यक्ती, वस्तू, ठिकाण’ या यादीने तिला असं बघायला लावलंय, आणि इंग्रजीच्या तासाला तीच यादी पुन्हा येत असल्यामुळे ही सवय आणखी पक्की झाली आहे. व्याख्या बरोबर आहे. पण तिच्यावरून नाम कशाला म्हणतात ते कळतं, उताऱ्यातून ते उचलता येत नाही. उचलायचं असेल तर शब्दाच्या अर्थाकडे कमी आणि त्याच्या शेजारच्या शब्दांकडे जास्त बघावं लागतं. मराठीत ही सोय इंग्रजीपेक्षा कितीतरी चांगली आहे.

सोय म्हणजे लिंग. मराठीत प्रत्येक नामाला स्वतःचं लिंग असतं. तो आंबा, ती चिंच, ते केळं. विशेषणाला किंवा क्रियापदाला स्वतःचं लिंग नाही, ती नामाकडून उसनं घेतात. चांगला आंबा पडला, चांगली चिंच पडली, चांगलं केळं पडलं. ‘चांगला’ आणि ‘पडला’ दोन्ही बदलले, पण ज्याच्यामुळे बदलले तो शब्द जागचा हलला नाही. वाक्यात हा न हलणारा शब्द सापडला की नाम सापडलं.

आता लेकीला ‘मला भूक लागली’ हे वाक्य द्या आणि विचारा, हेच एखादा मुलगा कसं म्हणेल? ‘मला भूक लागला’ असं तो म्हणणार नाही. म्हणजे ‘लागली’ हे रूप बोलणाऱ्याकडे बघून आलेलं नाही. ते भुकेकडे बघून आलंय. ‘मला राग आला’ मुलगी म्हणते तेव्हाही ‘आला’च, कारण राग पुल्लिंगी आहे. ‘मला हसू आलं’ यात हसू नपुंसकलिंगी. झोप आली, कंटाळा आला, रडू आलं, थंडी वाजली, घाम फुटला: या सगळ्या वाक्यांत क्रियापद त्या न दिसणाऱ्या गोष्टीच्या हुकमात चालतं. राग डोळ्यांना दिसत नसेल, पण ‘आला’ मधला शेवटचा ‘ला’ त्याचाच आहे. ‘राग कुठे दिसतो?’ या प्रश्नाला हे उत्तर तिला पटेल, कारण ते तिला स्वतःला वाक्यात तपासता येतं.

यातून घरी वापरायची पहिली कसोटी निघते: शब्दाच्या आधी माझा, माझी किंवा माझं यांपैकी एक लावून बघायचं. माझा राग, माझी भूक, माझी पेरणी, माझं हसू, माझी मुंबई, माझा अभ्यास. तिन्हींपैकी एक चपखल बसलं तर शब्द नाम असण्याची दाट शक्यता. माझा खाली, माझी लवकर, माझं अचानक यांतलं काही बसत नाही. दोन गोष्टींची काळजी घ्या. ‘माझ्या’ वापरू नका, कारण ‘माझ्या खाली’, ‘माझ्या पुढे’ असं म्हणता येतं आणि मूल फसतं. आणि क्रियापद आधी बाजूला काढलेलं असू द्या, नाहीतर ‘माझं झालं’, ‘माझं ठरलं’ ऐकून ‘झालं’सुद्धा नाम वाटायला लागतं.

दुसरी कसोटी प्रत्ययाची. शब्दाला -ला, -ने किंवा -मुळे लावून बघायचं: रागामुळे, भुकेने, पेरणीला, चिंचेमुळे. नामाला हे लागतात. (-मुळे हे खरं तर शब्दयोगी अव्यय, म्हणजे नामाला जोडून येणारा, न बदलणारा शब्द. तपासणीला तेही चालतं.) इथे बहुतेक पालक आणि काही शिकवण्यासुद्धा एक चूक करतात: ‘प्रत्यय लागला की नाम’ असं ठोक सांगून टाकतात. मग मूल -चा आणि -ऊन लावून बघतं आणि कालचा, इथला, वरचा, खालून, आतून, बाहेरून हे सगळे शब्द नामांच्या रांगेत जाऊन बसतात. क्रियाविशेषणांना, म्हणजे क्रिया कुठे, कधी, कशी झाली ते सांगणाऱ्या शब्दांना, -चा, -ला (इथला मधला) आणि -ऊन सर्रास लागतात. म्हणून तपासणीसाठी हे वापरायचेच नाहीत (‘पेरणीला’ मधला -ला वेगळा, तो चालतो). -मुळे सगळ्यात भरवशाचा, कारण ‘खालीमुळे’ किंवा ‘कालमुळे’ असं कोणी म्हणत नाही. उलट, हसू आणि रडू यांना प्रत्यय लावताना जीभ थोडी अडखळते. ते शब्द पहिल्या कसोटीत सहज बसतात, तिथेच निकाल लावा.

सर्वनामांनाही प्रत्यय लागतात: मला, त्याला, कोणामुळे. त्यांची यादी मात्र छोटी आहे. मूळ सर्वनामं नऊच मानतात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. ही नऊ पाठ असली की प्रश्न मिटला. व्याकरणात पाठ करण्याजोग्या थोड्या गोष्टींपैकी ही एक.

तेव्हा उतारा समोर आला की काम या क्रमाने करायचं. आधी प्रत्येक वाक्यातलं क्रियापद अधोरेखित करायचं, म्हणजे ज्याच्यावाचून वाक्य अर्धवट राहतं तो शब्द. मग त्या नवांपैकी सर्वनामं असतील तर त्यांवर काट. उरलेल्या शब्दांना प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय चिकटलेलं असेल तर ते सोडवून मूळ शब्द लिहायचा. त्या मूळ शब्दाला ‘माझा-माझी-माझं’ लावायचं. शंका राहिली तर -मुळे. शेवटी प्रत्येक नामापुढे तो, ती किंवा ते लिहायचं. ही शेवटची पायरी मुलं टाळतात, पण चुका तिथेच उघड्या पडतात: ‘खाली’पुढे काय लिहायचं, तो का ती, असं थांबावं लागलं की शब्द नाम नाही हे तिचं तिलाच कळतं. एक सूट मात्र द्या. वेळ, बाग, तंबाखू, मजा असे काही शब्द दोन लिंगांत चालतात. तिने ‘तो बाग’ लिहिलं आणि तुमच्याकडे ‘ती बाग’ म्हणत असतील तर ती नाम ओळखण्यातली चूक धरू नका.

मूळ शब्द काढण्याची पायरी ऐकायला सोपी वाटते, पण सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं अंग बदलतं. त्या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. घर-घरा, आंबा-आंब्या, माळी-माळ्या, चिंच-चिंचे, भिंत-भिंती, शाळा-शाळे. परीक्षेत मुलाला उलटा प्रवास करायचा असतो: ‘पावसात’ दिसतं आणि ‘पाऊस’ लिहायचं असतं. ‘पावस’ लिहिलं की गुण गेला. देवळात म्हणजे देऊळ, भावाने म्हणजे भाऊ, माणसाला म्हणजे माणूस, कापसाची म्हणजे कापूस, बेडकाने म्हणजे बेडूक. इथे शेवटच्या किंवा शेवटून दुसऱ्या अक्षरातला ऊ कुठे गळतो, कुठे त्याचा व होतो. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच: गुळाची, फुलांचा, पिठात, विटेवर, विहिरीत, जमिनीला या रूपांत ऱ्हस्व असलेलं अक्षर मूळ शब्दात दीर्घ होतं: गूळ, फूल, पीठ, वीट, विहीर, जमीन. भुकेने आणि भूक हीही त्यातलीच जोडी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले बरेच शब्द मात्र दीर्घच राहतात: गीत-गीताला, रूप-रूपाने, सूत्र-सूत्राला.

काही रूपांवरून मूळ शब्द एकट्याने ठरतच नाही. ‘मुलाने’ हे ‘मुलगा’चंही रूप आहे आणि ‘मूल’चंही. ‘माळ्याला’ म्हणजे बागेतला माळी की घराचा माळा, ते वाक्य सांगेल. ‘थोड्या वेळाने’ मध्ये तो वेळ आहे, तर ‘जेवणाच्या वेळेला’ मध्ये ती वेळ. असे शब्द आले की मुलीने आधी पूर्ण वाक्य वाचायला हवं. सुट्या शब्दाकडे बघून उत्तर देण्याची घाई नको.

आणि शब्दाचं अंग बदललं नाही म्हणून तो नाम नाही, असंही नव्हे. बाहेरून आलेले शब्द बऱ्याचदा जसेच्या तसे राहतात: बसने, मोबाइलला, सायकलवर. त्यांनाही लिंग चिकटलेलं आहेच: ती बस, तो ट्रक, ते टेबल, ती रिक्षा. माणसांची नावं हल्ली बहुधा बदलत नाहीत, गणेशला, सुरेशने. गावांचं दोन्हीकडे चालतं: पुण्यात, साताऱ्याला, कोल्हापुरात, पण नाशिकमध्ये म्हणणारेही आहेत आणि नाशकात म्हणणारेही.

आता तिने लिहिलेल्या चुकीच्या शब्दांकडे. ‘खाली’चा निकाल वरच लागला. ‘लाल’ आणि ‘तिखट’ यांचा निकाल मात्र उतारा बघितल्याशिवाय लावता येणार नाही. तुम्ही वाक्य पाठवलेलं नाही, आणि ‘तिखट’ काही वाक्यांत खरोखरच नाम असतं. ‘तिखट आमटी’ यात ते आमटीचा गुण सांगतं, म्हणून विशेषण. ‘आमटी तिखट आहे’ यातही विशेषणच, फक्त नामाच्या मागून आलेलं. पण ‘दोन चमचे तिखट घाल’ यात ते डब्यातलं तिखट आहे, सरळ सरळ नाम. इथे मीठ आणि खारट यांची अदलाबदल करून बघायला सांगा. मीठ हे नाम, खारट हे विशेषण. ‘दोन चमचे मीठ घाल’ चालतं, ‘दोन चमचे खारट घाल’ चालत नाही, म्हणून इथलं तिखट नाम. ‘खारट आमटी’ चालतं, ‘मीठ आमटी’ चालत नाही, म्हणून तिथलं तिखट विशेषण. ‘रात्री फार गोड खाऊ नकोस’ मधलं गोडही असंच नाम. ‘लाल साडी’त लाल विशेषण आहे; ‘मला निळ्यापेक्षा लाल आवडतो’ यात रंगाचं नाव आहे.

विशेषण नामासारखं वापरलं गेलं की ते बहुधा प्रत्ययावरून पकडता येतं. मराठीत नामाच्या आधी उभं असलेलं विशेषण स्वतः प्रत्यय घेत नाही. ‘गरीब माणसाला’ म्हणतो, ‘मोठ्या मुलाने’ म्हणतो. ‘गरिबाला माणसाला’ असं कोणी म्हणत नाही. म्हणून विशेषणालाच प्रत्यय लागलेला दिसला, गरिबाला, मोठ्यांचं, धाकट्याने, श्रीमंतांना, की त्या वाक्यापुरतं ते नाम झालं. आकड्यांचं तेच. ‘पाच मुलं’ यात पाच संख्याविशेषण. ‘पाचातून दोन वजा कर’ यात पाच नाम.

(विशेषण आणि नाम यांची ही सरमिसळ मराठीने नव्याने केलेली नाही. पाणिनीने विभक्तीचे प्रत्यय लागणारे सगळे शब्द एकाच गटात, सुबन्त म्हणून, ठेवले. विशेषणांची वेगळी जात काढली नाही. आज शाळेत शिकतो ती शब्दांच्या आठ जातींची मांडणी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने रुजली. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं, त्या सुमाराची ही गोष्ट. त्यामुळे या दोन खणांच्या सीमेवर मुलगी गोंधळली तर तिला फार रागावू नका.)

पेरणीबद्दल. ‘ते तर काम आहे, म्हणजे क्रियापद’ असं मुलांना वाटतं. काम करणं सांगणारा शब्द वेगळा आणि कामाचं नाव वेगळं. फरक कळायला वाक्य तोडून बघा. ‘शेतकरी पेरतो.’ वाक्य पूर्ण झालं. ‘शेतकरी पेरणी...’ इथे ऐकणारा थांबून राहतो, पेरणीचं काय? करतो, संपवतो, लांबवतो, काहीतरी यायला हवं. वाक्य पूर्ण करण्याची ताकद ज्याच्यात नाही तो शब्द क्रियापद नव्हे. अशी कामाची नावं मराठीत पुष्कळ आहेत: मळणी, कापणी, लावणी, दळण, सारवण, वळण, चढाई, लढाई, वाचन, लेखन, धाव, खेळ. -णे (बोलताना -णं) लागलेली रूपंही बहुतेक वेळा नामंच असतात. ‘पोहणं तब्येतीला चांगलं’ यात ‘चांगलं’ हे नपुंसकलिंगी रूप ‘पोहणं’मुळे आलंय. ‘त्याचं बोलणं मला पटलं’ यातही ‘त्याचं’ आणि ‘पटलं’ दोघांनी बोलण्याकडून लिंग घेतलंय. पुस्तकात यांना धातुसाधित (क्रियापदाच्या मुळापासून झालेली) नामं म्हणतात.

याच्याच उलट फसगत ‘मदत केली’, ‘अभ्यास केला’, ‘सुरुवात झाली’ अशा जोड्यांत होते. मुलं दोन्ही शब्द मिळून क्रियापद धरतात आणि मदत, अभ्यास, सुरुवात ही नामं सुटून जातात. मग ‘खोली साफ केली’ यातला साफ? तोही नाम का? क्रियापद कोणाचं ऐकतं ते बघा. मुलांनी आईला मदत केली. मुलांनी अभ्यास केला. केली-केला हे मदत आणि अभ्यास यांच्याप्रमाणे बदललं, म्हणून दोन्ही नामं. मुलांनी खोली साफ केली. मुलांनी फळा साफ केला. इथे बदल खोली आणि फळा यांच्यामुळे झाला. साफ मध्ये नुसता उभा आहे. तो नाम नाही. ‘सुरू केलं’ मधला सुरूही नाही, ‘सुरुवात’ मात्र आहे. ही तपासणी भूतकाळी वाक्यात करायची, वर्तमानकाळात ती चालत नाही. ‘मुलगी अभ्यास करते’ यात ‘करते’ मुलीचं ऐकतं.

काही शब्द तर एका वाक्यात क्रियापद आणि दुसऱ्यात नाम असतात. स्वयंपाकघरातच सापडतील. ‘भात वाढ’ आणि ‘पगारात वाढ झाली’. ‘चटणी वाट’ आणि ‘वाट चुकली’. ‘शेंग दोन तुकड्यांत मोड’ आणि ‘मटकीला मोड आले’. ‘काम कर’ आणि ‘कर भरला’. ‘पुढे चाल’ आणि ‘गाण्याची चाल’. ‘वर’ तर तीन जागी बसतो: ‘वर बघ’ यात क्रियाविशेषण, ‘मांडवात वर आला’ यात नवरदेव, ‘देवाने वर दिला’ यात आशीर्वाद. ‘हार’ दोन्हीकडे नामच आहे, पण घालायचा तो हार आणि पत्करायची ती हार. अशा शब्दांची यादी पाठ करून घेऊ नका. रोज असा एक शब्द द्या आणि त्याची दोन वाक्यं करायला सांगा. ‘या शब्दाची जात कोणती’ याला वाक्याशिवाय उत्तर नाही हे तिच्या अंगवळणी पडायला हवं. शिष्यवृत्तीच्या पेपरात अधोरेखित शब्दाची जात विचारतात तेव्हा असेच शब्द हमखास असतात.

आता ‘सकाळी’चा वाद. बाई आणि सर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मूळ शब्द सकाळ, ती सकाळ, माझी सकाळ. नाम आहे यात शंका नाही. त्याला सप्तमीचा, म्हणजे ठिकाण किंवा वेळ दाखवणाऱ्या विभक्तीचा, ई लागून ‘सकाळी’ झालं. पण ‘मी सकाळी उठते’ या वाक्यात हा शब्द उठण्याची वेळ सांगतो, म्हणजे क्रियापदाबद्दल माहिती देतो. शालेय व्याकरणात सकाळी, रात्री, दिवसा यांना नामापासून झालेली क्रियाविशेषणं धरतात. परीक्षेत प्रश्नाची भाषा बघायची. ‘अधोरेखित शब्दाची जात सांगा’ असेल तर क्रियाविशेषण. ‘विभक्ती ओळखा’ असेल तर सप्तमी. उताऱ्यातून नामं काढायची असतील तर ‘सकाळ (सकाळी)’ असं दोन्ही लिहावं, म्हणजे तपासणाऱ्याला तिने मूळ शब्द ओळखला हे दिसतं. याच जातीचा आणखी एक सापळा: उद्धटपणा, उद्धटपणाने आणि उद्धटपणे. पहिलं नाम. दुसरं तेच नाम, तृतीयेत. तिसरं क्रियाविशेषण, कारण माझा उद्धटपणा म्हणता येतं, ‘माझं उद्धटपणे’ म्हणता येत नाही. एका मात्रेवर जात बदलते.

नामाच्या प्रकारांवर फार वेळ घालवू नका. नाम सापडायला लागलं की प्रकार आपोआप कळतात. एकाच जातीच्या सगळ्यांना चालणारं ते सामान्यनाम (नदी, शहर, मुलगी), एकट्याचं ठेवलेलं ते विशेषनाम (भीमा, बार्शी), आणि गुण, अवस्था किंवा क्रियेचं नाव ते भाववाचक (राग, भूक, पेरणी). तिला विशेषनाम ओळखणं इंग्रजीत सोपं जात असेल, कारण तिथे पहिलं अक्षर मोठं असतं. देवनागरीत तशी खूण नाही. ‘आशा सोडू नकोस’ आणि ‘आशा शाळेत गेली’ यांतला फरक वाक्यावरूनच कळतो. पहिलं भाववाचक, दुसरं विशेषनाम. भाववाचक नामांच्या शेपट्या ओळखीच्या करून द्या: -पणा, -पण, -ता, -त्व, -ई, -की, -गिरी, -वा. चांगुलपणा, बालपण, नम्रता, प्रौढत्व, गरिबी, माणुसकी, गुलामगिरी, गोडवा. ‘भाववाचक नामाचं अनेकवचन होत नाही’ हा नियम मात्र तिला शिकवू नका. आठवणी, चुका, अडचणी रोज होतात. वर्ग, कळप, जुडी, घड ही समूहाची नावं एकाच समूहाबद्दल बोलताना एकवचनीच असतात हे एकदा सांगा, कारण ‘कळप आले’ असं लिहिण्याचा मोह मुलांना होतो. आणि हाल, कांजिण्या, डोहाळे हे शब्द कायम अनेकवचनात येतात; त्यांचं एकवचन शोधत बसायचं नाही.

सरावाला रोज दहा मिनिटं पुरेत. वर्तमानपत्रातली किंवा गोष्टीच्या पुस्तकातली चार-पाच वाक्यं घ्या, त्याहून जास्त नको. वहीत चार रकाने: वाक्यात दिसला तो शब्द, मूळ शब्द, तो/ती/ते, प्रकार. पहिला आठवडा पहिले दोनच रकाने भरायचे. तिसरा रकाना दुसऱ्या आठवड्यात, प्रकार सगळ्यांत शेवटी. सगळं एकदम मागितलं की मुलं प्रकाराचा अंदाज ठोकतात आणि मूळ शब्द चुकीचा लिहितात.

एक उतारा करून दाखवते, तोच पहिल्या दिवशी घ्या.

‘काल दुपारी अचानक पाऊस आला. अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर पाणी पडलं. आजीला राग आला, पण धाकट्याला हसू आवरेना. तिखट पापडांचा लगदा झाला आणि आईचे सगळे कष्ट वाया गेले.’

आला, पडलं, आवरेना, झाला, गेले ही क्रियापदं आधी बाजूला. मग नामं: पाऊस, अंगण, पापड, पाणी, आजी, राग, धाकटा, हसू, पुन्हा पापड, लगदा, आई, कष्ट. दुपार ‘सकाळी’सारखीच, कंसात मूळ रूप दाखवून लिहायची. धाकटा एरवी विशेषण, इथे ‘धाकट्याला’ झाल्यामुळे नाम. ‘तिखट’ पापडांचा गुण सांगतं, म्हणून सोडलं. काल आणि अचानक क्रियाविशेषणं. ‘वाया’ला माझा, माझी, माझं काहीच बसत नाही. ‘घातलेल्या’ धातूपासून झालेलं विशेषण आहे. ‘सगळे’ कष्टांकडून अनेकवचन उसनं घेतं. मुलीने यातली दहा नामं बरोबर काढली तर पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवसासाठी पाच वाक्यं देते.

वर आजोबा झोपलेत, हळू बोला.
मांडवात वर उशिरा पोचला, तोवर आईचा जीव टांगणीला लागला होता.
धावणं सोडलंस तर वजन वाढेल.
थोरांनी समजावलं तेव्हा धाकट्यांनी होकार दिला.
गुरुवारी बाजारात भाज्यांची आवक वाढली.

पहिल्यात एकच नाम आहे, आजोबा. दुसऱ्यात पाच: मांडव, वर, आई, जीव, टांगणी, शिवाय उशीर (उशिरा). तिसऱ्यात धावणं आणि वजन, ‘वाढेल’ क्रियापद. चौथ्यात थोर, धाकटा, होकार. पाचव्यात बाजार, भाजी, आवक, शिवाय गुरुवार (गुरुवारी). तिने दुसऱ्या वाक्यातली टांगणी सोडली तर ‘माझी टांगणी’ म्हणायला लावू नका, ते कानाला विचित्र लागतं. -ला लागलेला आहेच, तो दाखवा. पहिल्या वाक्यातला ‘वर’ तिने नाम म्हणून लिहिला, तर त्याच्यापुढे तो, ती की ते ते लिही म्हणा आणि थोडं थांबा.